खोकलेवाली बाई

माझ्या मोठ्या जावेशी माझं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे मी तिची बाजू घेतली तर जावाजावांचं संगनमत आहे असं कोणाला वाटायला नको. मी दुर्गची. आमच्या माहेरी चार पिढ्या छत्तीसगडात काढूनही मराठी कशी शुद्ध राखली याचं कौतुक फार. आणि ही लाखनीजवळच्या खेड्यातून आलेली, "काय करून राहिली वो?" असं मोठ्यांदा विचारत थेट स्वयंपाकघरात घुसणारी, कढईवरचं झाकण उचलून बघणारी. तिचं नाव सत्यभामा लांजेवार. पण भिलाईत, आमच्या कोहक्यात, हे नाव विचारलंत तर कोणी पत्ता सांगणार नाही. 'खोकलेवाली बाई' म्हणा, ऑटोवाला दारात आणून सोडेल.

आम्हा दोघींचे नवरे स्टील प्लांटमध्ये. आधी सगळे मिळून सेक्टर 2 च्या क्वार्टरमध्ये राहायचो. मग थोरल्या दिरांनी रिटायर व्हायच्या आत कोहक्यात जागा घेतली आणि दोघा भावांनी भिंतीला भिंत लावून घरं बांधली. जाऊबाई मात्र नवऱ्याच्या नोकरीवर विसंबून बसणारी नव्हती. पहिलं मूल पदरात असताना तिनं दुर्गला जाऊन नर्सिंग केलं. सासूबाई म्हणाल्या, "लोकाइची घाण पुसाले चालली का?" तर ही म्हणाली, "घरची पुसूनच राहिली ना मी. तिचं कोणी सर्टिफिकेट देते का?" सासरे हसले, म्हणून ती शिकली.

त्यानंतरचं सगळं आयुष्य तिनं कोहक्यातल्या एका खाजगी दवाखान्यात काढलं. डॉक्टर माणूस भला, पण बाहेर बाकड्यांवर गर्दी एवढी की त्यांनी कामाची वाटणी करून टाकलेली. ताप, जुलाब, साखर, बीपी डॉक्टरांकडे. खोकला आला की आधी बाईकडे. ती जीभ बघायची, वजन करायची, रक्त पडतं का विचारायची, आणि गोळ्या स्वतःच्या हातानं रुग्णाच्या तळहातावर ठेवायची. चिठ्ठीवर डॉक्टर मान वर न करता सही करायचे. लोकांना ते चालायचं. चालायचं कसलं, तेच हवं असायचं. पहिली गोळी बाईच्या हातचीच घ्यायची, तिला हातगुण आहे, असं बायका एकमेकींना सांगत. कोणाच्या घरी मुलीचं लग्न ठरलं आणि मुलगी खोकायला लागली, की आई तिला घेऊन आमच्या ओट्यावर. मी आत चहा करून करून वैतागायची.

ती वाटेल तशा गोळ्या वाटत होती असं मात्र कोणी समजू नये. तिच्याजवळ नियम होता. नर्सिंगला शिकवणाऱ्या एका कडक डॉक्टरांनी तो तिच्या डोक्यात पक्का बसवला होता. खोकला लांबला, तर आधी साधी अँटिबायोटिक द्यायची, पूर्ण कोर्स. खोकला उतरला तर छातीतलं साधं इन्फेक्शन, विषय संपला. नाही उतरला तर टीबीची शंका घ्यायची आणि थुंकी तपासायला पाठवायची. या नियमावर तिनं कितीतरी जणांचा टीबी पकडला. नुसता पकडला नाही; सरकारी केंद्रावर पाठवून, औषध सोडलं तर घरी जाऊन शिव्या देऊन, ती माणसं तिनं उभी केली. ती माणसं आजही रस्त्यात तिला वाकून नमस्कार करतात.

मग एक वर्षी कंपनीचा माणूस नवी गोळी घेऊन आला. लिव्होफ्लॉक्सासिन. दिवसातून एकदाच घ्यायची, पोटाला बाधत नाही, आणि खोकल्याला अशी लागू पडायची की रुग्ण चार दिवसांत हसत यायचा. दवाखान्यात तिला लाडानं 'लिवो' म्हणायला लागले. साध्या गोळ्यांची जागा लिवोनं घेतली. जाऊबाईनं नियम बदलला नाही. गोळी तेवढी बदलली. सगळं इथंच चुकलं, पण ते कळायला फार वर्षं गेली.

एकदा सिविक सेंटरजवळच्या एका हॉलमध्ये खाजगी दवाखान्यांतल्या नर्सा आणि कंपाउंडरांना बोलावलं होतं. विषय, अँटिबायोटिकचा गैरवापर. जाऊबाई नवी साडी नेसून गेली. तिथं प्रश्न विचारला, औषधाला न जुमानणारे जंतू कशामुळे तयार होतात? हिनं हात वर केला आणि ठणकावून सांगितलं, "पेशंट कोर्स पूरा नहीं करता इसलिए." टाळ्या पडल्या. घरी येऊन तिनं ते मला दोनदा सांगितलं. उत्तर बरोबरच होतं, पण अर्धं. तिच्या मनात एवढंच पक्कं झालं की जंतू बिघडतात ते लोकांच्या आळसामुळे. माझे पेशंट कोर्स पूर्ण करतात, तेव्हा माझ्या हातून काही बिघडणार नाही. मीही तेव्हा मान डोलावली. मला तरी काय कळत होतं.

आता गयाबाई. आमच्या मागच्या गल्लीत राहते. लाखनीकडचीच, जाऊबाईच्या माहेरच्या शेजारच्या गावची. दोघी नव्या नवऱ्या असताना एकाच वर्षी भिलाईत आल्या आणि तेव्हापासून एकीला ठेच लागली की दुसरी लंगडते. गयाबाईचा नवरा प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर होता, तो वारला. एक मुलगा, भूषण, प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला. गयाबाई घरी साड्यांना फॉल लावते. हात एवढा साफ की टाका शोधून सापडणार नाही.

तिला खोकला सुरू झाला तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. आमच्याकडे खोकला म्हणजे प्लांटची धूळ. ज्याला त्याला आहे. खोकला लांबला तेव्हा जाऊबाईनं लिवो दिली. खोकला उतरला. जाऊबाई खूश. "पाहा, टीबी नाही. टीबी असती तं उतरला नसता." काही महिन्यांनी खोकला परत आला. परत कोर्स, परत आराम. त्यानंतर पुन्हा एकदा, आणि आणखी एकदा. गयाबाई एकही गोळी न चुकवता घ्यायची. सत्यभामानं दिलेली गोळी चुकवणं तिला देवाचा प्रसाद टाकून देण्यासारखं वाटायचं. दर वेळी तिचं पोलकं जरा जास्त सैल व्हायचं. शेवटी एकदा लिवोनं काहीच झालं नाही आणि गयाबाईच्या रुमालावर रक्त दिसलं.

थुंकी तपासली. टीबी निघालाच, पण साधा नाही. मशीननं सांगितलं की टीबीचं जे मुख्य औषध, त्यालाच हे जंतू दाद देत नाहीत. हे असले जंतू गयाबाईच्या छातीत कुठून आले ते कोणाला माहीत. हवेतून आले, कोणाच्या तरी खोकल्यातून. त्यात जाऊबाईचा दोष नव्हता. म्हणून आम्ही टीबी केंद्रावर गेलो तेव्हा ती ताठ मानेनंच गेली. भूषणची शिफ्ट होती, तेव्हा सोबत मी होते.

तिथं नीतू नावाची हेल्थ व्हिजिटर होती. तरुण, चष्मेवाली, आवाज मऊ. तिनं गयाबाईला बसवलं आणि विचारलं, "अम्मा, इससे पहले खाँसी के लिए कौन-कौन सी दवाई खाई? कितनी बार?"

"कुछ नहीं खाई," गयाबाई म्हणाली.

"गोली-वोली कुछ तो ली होगी."

"नहीं बेटा. काढ़ा पिया, बस."

मी गयाबाईकडे पाहिलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. मग माझ्या लक्षात आलं की ही बाई खोटं बोलते आहे, आणि कोणासाठी बोलते आहे.

नीतूनं समजावून सांगितलं. हा जो हट्टी टीबी आहे, त्याच्यावर आता राखून ठेवलेली दुसरी औषधं द्यायची. त्यातलं एक मोठं औषध लिव्होफ्लॉक्सासिनच्या घराण्यातलं. पण कोणी खोकल्यासाठी म्हणून ते आधीच पुन्हा पुन्हा खाल्लं असेल, तर जंतू त्यालाही सरावलेले असतात. ते औषध टीबीचे जंतू अर्धवट मारतं. माणसाला बरं वाटतं, टीबी आत तसाच राहतो. मोठी तपासणी पाठवलेली आहे, उत्तर यायला वेळ लागेल, तोवर औषध कोणतं सुरू करायचं हे तुमच्या सांगण्यावरून ठरणार. नुकतंच माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या झुरळांचं तसंच झालं होतं. एकच फवारा वर्षभर मारला, तर त्यातून ती सावकाश चालत जायला लागली. मला तेवढ्यावरून सगळं समजलं.

जाऊबाईला तर पहिल्या वाक्यालाच समजलं असावं. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. बाजूला दुसऱ्या दवाखान्यातली ओळखीची नर्स बसली होती, दारात दोन आशा कार्यकर्त्या उभ्या होत्या. सगळ्या तिला ओळखत होत्या.

नीतूनं पुन्हा विचारलं, "पक्का कुछ नहीं लिया ना अम्मा?"

"नहीं."

"लिया है," जाऊबाई म्हणाली. "मैंने दिया. लिवो. चार-पाँच बार कोर्स दिया, पूरा-पूरा. मेरे हाथ से दिया."

नीतूनं फक्त मान हलवली आणि औषधांची योजना बदलायला डॉक्टरांकडे गेली. पुढे मोठ्या तपासणीचं उत्तर आलं तेही तसंच आलं: लिवोला दाद नाही. त्या दिवशी जाऊबाई गप्प बसली असती तर गयाबाईला चुकीचं औषध सुरू झालं असतं आणि तपासणीचं उत्तर येईपर्यंत तिची छाती आणखी खाल्ली गेली असती. मला तिचा कितीही राग येत असला तरी हे मी कोणासमोरही सांगेन.

परत येताना ऑटोत गयाबाई तिच्यावर बरसली. "कावून सांगतलं तू? मी झाकून ठेवून राहिली होती ना? आता तुहं नाव जाईन सगळीकडं!"

"तुहा जीव जात होता, बाई."

"माह्या जिवाचं मी पाहीन. तुले कोन बोलावलं होतं मधात?"

दोघी रडत होत्या आणि एकमेकींना शिव्या देत होत्या. ऑटोवाला आरशातून बघत होता. मी त्याला म्हटलं, भैया, आगे देखो.

जाऊबाईचं नाव गेलं नाही. हेच तिला सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे सिस्टर, सभी देते हैं. आप दिल पे मत लो." तिनं लिवो देणं बंद केलं आणि लांबलेल्या खोकल्याला आधी थुंकीची डबी द्यायला लागली. लोक डबी घेऊन हसायचे आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तीच गोळी नावानं मागून घ्यायचे. आमच्या ओट्यावर येणाऱ्या बायकांना ती बसवून सांगायची, की गयाबाईचं मी असं-असं केलं, माझ्या गोळीनं झालं. बायका सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "जाने दो दीदी, आपने तो अच्छे के लिए दिया था. मेरे को भी वही दे दो." एक माणूस भांडायला आला नाही. एकानं साधा आवाज चढवला नाही. ती मला म्हणायची, "पद्मजा, कोणीतरी मले दोन शब्द बोलाले पाह्यजे वो." मी म्हणायची, बाई, इतकी वर्षं मीच बोलत आले, तेव्हा ऐकलंत का? ती हसायची नाही.

काही दिवसांनी तिनं दवाखाना सोडला. गयाबाईच्या गोळ्या आपल्या देखरेखीत द्यायचं काम केंद्राकडून मागून घेतलं. रोज सकाळी अंघोळ करून मागच्या गल्लीत जायची. गोळ्या मूठभर. त्यांनी गयाबाईचं अंग काळवंडलं, पायांना मुंग्या यायच्या, चपला पायातून निसटायच्या आणि तिला कळायचंही नाही. अन्नाचा वास नको व्हायचा. पण जाऊबाईनं तळहातावर ठेवलेली गोळी ती गिळायची. मधूनमधून जाऊबाई म्हणायचीच, "गया, मी तुले मारलं असतं." गयाबाई पाण्याचा गिलास खाली ठेवत म्हणायची, "काही तरीच नको बोलू. तू नसती तं मी कधीचीच मेली असती." हळूहळू तिचं वजन चढायला लागलं. खोकला कमी झाला. थुंकी तपासली, जंतू दिसेनासे झाले. जाऊबाईनं आमच्याकडे शिरा करून आणला, तोही गोडमिट्ट.

घरातल्या माणसांनाही तपासून घ्या, असं केंद्रानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. घरात माणूस एकच, भूषण. तो काही जाईना. चांगला धडधाकट मुलगा, व्यायामाचा नाद, गोळी म्हटलं की नाक मुरडणारा. डोकं दुखलं तरी गोळी घेणार नाही. "मौसी, मेरे को क्या होगा? मी त कधी आजारी पडूनच नाही राहिलो," असं म्हणून सायकल काढायचा. जाऊबाई त्याच्या मागे हात धुऊन लागलेली. शेवटी त्याची पँट पट्ट्यातून घसरायला लागली आणि तो संध्याकाळी तापानं लोळायला लागला, तेव्हा तिनं त्याला अक्षरशः दंडाला धरून ऑटोत घातलं.

त्याच्या तपासणीचं उत्तर नीतूनं जाऊबाईलाच फोनवर कळवलं. फोन आला तेव्हा आम्ही दोघी गयाबाईच्या पडवीत होतो. गयाबाई मांडीवर साडी घेऊन फॉल लावत होती. इतक्या दिवसांनी तिनं कामाला हात लावला होता. जाऊबाई बाजूला जाऊन फोनवर बोलली आणि येऊन तिच्यासमोर खाली जमिनीवर बसली.

"काय आलं?" गयाबाईनं विचारलं.

"टीबी हाय."

गयाबाईची सुई थांबली. डोळे भरून आले, पण तिनं स्वतःला सावरलं. तिनं आधीच विचार करून ठेवला असावा. "चालन," ती म्हणाली. "असली तं असो. त्याची साधी असन ना पण? त्यानं तुही गोळी कधी खाल्लीच नाही. एकबी नाही खाल्ली. म्हणजे त्याले साधी औषधं लागू पडतीन. तो लवकर सुटन."

मी जाऊबाईकडे पाहिलं. तिनं खोटं बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. निदान आजचा दिवस.

"नाही गया," ती म्हणाली. "तुह्यासारखीच हाय. त्याच्यावर मुख्य औषध चालत नाही, अन् लिवोबी चालत नाही."

"कावून? त्यानं तं खाल्लीच नाही ना!"

"खा लागत नाही. ज्या जंतूंले तुह्या अंगात त्या गोळीची सवय झाली, तेच जंतू हवेतून त्याच्या छातीत गेले. सवय संग घेऊनच गेले."

गयाबाईनं तोंडावरचा मास्क दोन्ही हातांनी दाबून धरला. आता दाबून काही होणार नव्हतं. "म्हणजे माह्यापासून गेलं त्याले," ती मास्कमधूनच म्हणाली. "माह्या पोराले मीच देल्लं."

"तुह्यापासून नाही. माह्यापासून गेलं."

गयाबाईनं तिच्याकडे पाहिलं. नेहमीसारखं ती काही समजुतीचं बोलेल म्हणून मी थांबले. जाऊबाई म्हणाली, "उद्यापासून त्याच्याबी गोळ्या मीच देत जाईन. दोघाइले संगच देईन."

"तू नको," गयाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "माह्या पोराले मी देईन. तू नको हात लावू."

जाऊबाईनं एवढे दिवस ज्याची वाट पाहिली ते हे होतं. मला वाटलं ती रडेल, पाया पडेल, काहीतरी करेल. तिनं पिशवीतून गयाबाईच्या गोळ्यांची पाकिटं काढली, दोघींच्या मधे जमिनीवर मांडली आणि कोणती गोळी जेवणाआधी द्यायची, कोणती जेवणानंतर, कोणती घेतल्यावर उलटी झाली तर काय करायचं, ते एकेक करून गयाबाईला समजावून सांगायला लागली.